गिरमिटियांचे जहाज आणि हाजींचे जहाज

ब्रिटिश हिंदुस्थानातून समुद्रापार माणसे नेणाऱ्या जहाजांविषयी वाचताना दोन वेगळ्या व्यवस्थांची हमखास गल्लत होते : मॉरिशस, त्रिनिदाद, फिजीकडे करारबद्ध मजूर नेणारी गिरमिटियांची जहाजे आणि मुंबईहून मक्केजवळच्या जेद्दा बंदराला जाणारी हाजींची जहाजे. दोन्हींसाठी कायदे होते, आणि कलकत्त्यात ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ (परदेशी जाणाऱ्यांचा रक्षक) तसा मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ पिलग्रिम्स’ (यात्रेकरूंचा रक्षक) हा अधिकारी असल्याने गोंधळ आणखी वाढतो. तरीही प्रवाशामागे किती जागा ठेवावी यावरून जहाज कंपन्यांनी जी हुज्जत घातली ती मुख्यतः हाजींच्या बाबतीत, आणि त्याचे मूळ भाडे कोण भरत होते यात आहे.

गिरमिटियाचे भाडे वसाहतीकडून येई आणि ते जिवंत उतरलेल्या माणसांवर मोजले जाई. जहाजावरील डॉक्टरचा मोबदलाही त्याच हिशेबाने मिळे. वाटेतल्या मृत्यूचे नुकसान मालकालाही सोसावे लागत असल्याने दरडोई १२ चौरस फूट जागा आणि तयार जेवण हे नियम त्याला परवडत. हाजी मात्र स्वतःच्या पैशाने, पुष्कळदा दलालामार्फत, आगाऊ तिकीट काढी आणि शिधा स्वतःच बरोबर नेई. त्याच्यासाठी हिंदुस्थानच्या कायद्यात ९ चौरस फूटच जागा होती, आणि तीत जितकी माणसे जास्त बसत तितका नफा वाढे.

१८९३ मध्ये मक्केत पटकीने (कॉलऱ्याने) हाहाकार माजवल्यावर १८९४ च्या पॅरिस आरोग्य परिषदेत प्रत्येक यात्रेकरूला सुमारे २१ चौरस फूट जागा द्यावी अशी मागणी झाली. मालकांचे म्हणणे असे की, जागा वाढवली तर माणसे कमी बसतील, भाडे चढेल आणि गरीब मुसलमानाला हजला जाताच येणार नाही. राणी व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेल्या सरकारलाही हीच भीती असल्याने हा युक्तिवाद वजनदार ठरला. तो सर्वस्वी खोटाही नव्हता, कारण परतीच्या पैशाअभावी जेद्दात अडकणारे निर्धन यात्रेकरू खरोखरच होते. पण भाडे हंगामातील गर्दी पाहून चढत-उतरत असे, ही गोष्ट मालक सोयीस्करपणे बाजूला ठेवत, आणि माझ्या मते त्यांची बाजू तिथेच लंगडी पडते. अखेर १६ चौरस फुटांवर तडजोड झाली.