पन्हाळा

महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गिरिस्थान व पन्हाळा तालुक्याचे ठाणे. लोकसंख्या ३,१२१ (२०११). कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मी. उंचीवर ते वसले आहे. राज्यातील सर्वांत कमी वस्तीच्या नगरपालिकांत त्याची गणना होते. किल्ला व गाव येथे वेगळे काढता येत नाहीत. तहसील कचेरी, शाळा, बाजार, घरे आणि हॉटेले यांचा मोठा भाग तटाच्या आतच आहे.

सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेल्या फाट्यावर पन्हाळा असून हाच फाटा पुढे जोतिबाच्या डोंगराकडे जातो. उत्तरेस वारणेचे व दक्षिणेस कासारीचे खोरे आहे. खाली काळा पाषाण व माथ्यावर जांभा अशी येथील भूरचना. पश्चिमेकडील मसाईचे विस्तीर्ण पठारही जांभ्याचेच. सुमारे ७ किमी. घेराच्या या माथ्याला कित्येक ठिकाणी तुटलेल्या कड्यांनीच संरक्षण दिले आहे; जेथे कडा नाही तेथे तट बांधला. शेजारचा पावनगड एका खिंडीने वेगळा झाला आहे. कोल्हापूर–रत्नागिरी महामार्गावरील वाघबीळ येथून गाडीरस्ता वर चढतो आणि पूर्वीच्या चार दरवाजाच्या जागेवरून आत शिरतो. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी हा दरवाजा पाडला. पावसाळ्यात हा रस्ता गावाचा कमकुवत दुवा ठरतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो खचला आणि वाहनांची ये-जा थांबली.

पाण्यासाठी माथ्यावर साधोबा व सोमेश्वर हे तलाव आणि तीन मजली अंधारबाव आहे. धान्यासाठी अंबरखान्याची प्रचंड कोठारे होती. वेढ्यात शिबंदी पोसायची म्हणून केलेली ही व्यवस्था, शेतीवर जगणाऱ्या गावाची नव्हे; माथ्यावर लागवडीला जमीन मोजकीच. ताराबाईंच्या काळात येथे राजधानी होती. १७८२ मध्ये ती कोल्हापुरास गेली आणि राजधानीमुळे आलेले महत्त्व ओसरले. कवी मोरोपंत यांचा जन्म येथलाच (१७२९).

२००१ च्या जनगणनेत गावात ३,४५० लोक होते. पुढच्या दहा वर्षांत ३२९ घटले. याउलट तालुक्याची वस्ती अडीच लाखांवर असून वारणाकाठचे कोडोली हे त्याच तालुक्यातील खेडे आपल्या ठाण्याहून कितीतरी मोठे आहे. त्यात नवल नाही: ऊस, साखर कारखाना, दूध व बाजारपेठ सारे खाली आहे. वर कचेऱ्या आणि पर्यटन. सुट्टीच्या दिवशी तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर खाणाऱ्यांची जी गर्दी दिसते, तिच्यावरून गावच्या वस्तीचा अंदाज बांधणे फसवे ठरेल.

घरबांधणीवर कायद्याचाही अंकुश आहे. गड केंद्र संरक्षित स्मारक असून प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मी. पर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मी. पर्यंत ते परवानगीवर अवलंबून असते. जुन्या पेठांतील रहिवाशांच्या दृष्टीने घराची डागडुजीही त्यामुळे सरकारी बाब होते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, पण त्याआधीच गडावरील रहिवाशांनी विस्थापनाच्या भीतीने विरोध नोंदवला होता.