गुगल मॅपवर पिन टाकला म्हणून पोलिसांना तुम्ही दिसत नाही

जामिनावर सुटलेल्याने मॅपवर पिन टाकला की तो चोवीस तास पोलिसांच्या स्क्रीनवर फिरताना दिसतो, हे बरेच जण अजून छातीठोक सांगतात. साफ चुकीचं आहे. पिन म्हणजे नकाशावर ठेवलेली खूण, बास. तुम्ही ठाण्यात पिन ठेवून नागपूरला गेलात तरी पिन ठाण्यातच बसून राहणार. गंमत म्हणजे काही कोर्टंसुद्धा जामिनाच्या अटीत हे लिहायची, दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये एका नायजेरियन आरोपीला तशी अट घातली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा गुगललाच विचारलं आणि त्यांनी सांगितलं की पिनने माणसाचं लाइव्ह ट्रॅकिंग होतच नाही!

८ जुलै २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक (आपले ठाण्याचेच) आणि उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. पण नुसती निरुपयोगी म्हणून नाही हां, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांची सतत नजर राहील अशी अट कलम २१ मधल्या प्रायव्हसीच्या हक्काच्या विरोधात आहे असं स्पष्ट म्हटलंय.

खरं ट्रॅकिंग करतो तो पायातला जीपीएस पट्टा. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावरच्या आरोपीसाठी तो वापरायला सुरुवात केली, आणि केंद्राच्या २०२३ च्या मॉडेल तुरुंग कायद्यात रजेवर सुटणाऱ्या कैद्यांसाठीही त्याची सोय आहे. दोषी ठरलेला कैदी आणि नुसता आरोपी यात फरक आहे, तो मात्र या चर्चेत कुणी करतच नाही.