सुपरहिरोंच्या पाहुण्या भूमिका आणि स्टुडिओंचे हक्क

एका स्टुडिओच्या चित्रपटात प्रतिस्पर्धी स्टुडिओकडे हक्क असलेला सुपरहिरो काही क्षणांसाठी येऊन जातो, त्याला चाहत्यांच्या बोलीत क्रॉसओव्हर कॅमिओ म्हणतात. छापील कॉमिक्समध्ये अशा भेटी नव्या नाहीत. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एकाच अंकात आले ते १९७६ साली, आणि हे दोघे तर डीसी व मार्व्हल या दोन कट्टर स्पर्धक प्रकाशनांचे. अशी भेट पडद्यावर मात्र क्वचितच घडते. पटकथाकार सहसा तयार असतात, नटही असतात. अडते ते करारांत.

या गुंत्याचे मूळ मार्व्हलच्या गरिबीत आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत मार्व्हलकडे मोठे चित्रपट स्वतः काढणारा स्टुडिओ नव्हता, म्हणून पात्रांचे चित्रपटहक्क सुटेसुटे विकले गेले. फँटॅस्टिक फोर जर्मनीच्या कॉन्स्टँटिन फिल्मकडे, एक्स-मेन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे, हल्क युनिव्हर्सलकडे. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्पायडरमॅनचे हक्क तर कॅनन, कॅरोल्को अशा हातांतून फिरत कोर्टात अडकले होते. १९९९ मध्ये सोनी आणि एमजीएम या दोन स्टुडिओंत तडजोड झाली: सोनीने जेम्स बाँडवरचा दावा सोडला, एमजीएमने स्पायडरमॅनवरचा. अशा रीतीने कोळी सोनीच्या पदरात पडला, तो आजही तिथेच आहे. डीसीची पात्रे १९६९पासून वॉर्नरच्या घरात असल्यामुळे बॅटमॅन आणि सुपरमॅन यांची गाठ घालणे हा घरातला निर्णय ठरतो. तरी तिथेही एक जुनी गाठ होतीच. १९६६ची बॅटमॅन दूरदर्शन मालिका फॉक्सची निर्मिती असल्याने ती घरी पाहण्यासाठी डिस्कवर यायला २०१४ उजाडले.

विकलेले हक्क कायमचे नसतात. ठरल्या मुदतीत चित्रपट काढला नाही तर ते मूळ मालकाकडे परत जातात. स्पायडरमॅनच्या बाबतीत, बाहेर फुटलेल्या करारानुसार, आधीचा चित्रपट आल्यापासून पावणेचार वर्षांत पुढच्याचे काम सुरू करणे आणि पावणेसहा वर्षांत तो प्रदर्शित करणे सोनीवर बंधनकारक होते. या कलमाचा अतिरेक फँटॅस्टिक फोरच्या १९९४च्या चित्रपटात दिसतो. मुदत संपत आली म्हणून निर्मात्याने तो अगदी थोडक्या पैशांत उरकून घेतला, आणि तो कधी प्रदर्शितच झाला नाही. मुदतीचे घड्याळ असे डोक्यावर टिकटिकत असताना दुसऱ्याच्या कथानकात आपले पात्र कधी बसते याची वाट पाहत बसणे कुठल्याही स्टुडिओला परवडत नाही.

दुय्यम पात्रांच्या बाबतीत तर हद्दीच्या खुणा ओळीओळीत शोधाव्या लागतात. क्विकसिल्व्हर हा एक्स-मेन आणि अ‍ॅव्हेंजर्स दोन्हींच्या कथांतला, म्हणून तो फॉक्सच्या २०१४च्या चित्रपटात एका नटाने आणि मार्व्हलच्या २०१५च्या चित्रपटात दुसऱ्याच नटाने साकारला. मार्व्हलला त्याला म्यूटंट, म्हणजे एक्स-मेनसारखा जन्मजात शक्ती असलेला, म्हणता येत नव्हते आणि फॉक्सला अ‍ॅव्हेंजर्सचे नाव काढता येत नव्हते. कधी सरळ वस्तुविनिमय होतो. ‘डेडपूल’साठी (२०१६) फॉक्सला एका किशोरवयीन नायिकेच्या शक्ती बदलायच्या होत्या, त्याला संमती देण्याच्या बदल्यात मार्व्हलने ईगो हा जिवंत ग्रह मागून घेतला आणि तो ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागात (२०१७) खलनायक झाला. सोनीच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’च्या (२०१४) श्रेयनामावलीत अचानक एक्स-मेनचे दृश्य झळकले तेव्हा चाहत्यांना ती मोठ्या मीलनाची नांदी वाटली. प्रत्यक्षात दिग्दर्शक मार्क वेब यांच्यावर फॉक्ससाठी आणखी एक चित्रपट करण्याचे बंधन होते. त्यांना मोकळे करण्याची किंमत म्हणून सोनीने फॉक्सची ती जाहिरात फुकट दाखवली होती.

खरे घोडे पेंड खाते ते हिशोबात. नटाचे मानधन, वेशभूषा, चित्रीकरणाचे दोन-चार दिवस हा खर्च वीस-पंचवीस कोटी डॉलरच्या चित्रपटात किरकोळ असतो. पण त्या एका मिनिटामुळे वाढलेली तिकिटे कुणाच्या खात्यात मांडायची? पाहुण्याच्या नावावर खपलेली खेळणी, कपडे, दप्तरे कुणाची? आणि आपल्या पात्राचा भाव वाढवून स्पर्धकाने तो पुढच्या चित्रपटात वापरला तर? याची उत्तरे आधी लिहून द्यायला कुणी तयार नसते. वितरणहक्कांचेही तसेच. हल्क वापरण्याचे हक्क मार्व्हलकडे परत आले, तरी त्याच्या स्वतंत्र चित्रपटाचे वितरण युनिव्हर्सलकडे होते, म्हणून २००८नंतर अनेक वर्षे हल्क मार्व्हलच्या इतर चित्रपटांत भरपूर दिसला, पण त्याच्या नावाचा चित्रपट निघाला नाही. स्वतःच्या घराचे भाडे दुसऱ्याला द्यावे लागत असेल तर माणूस भावाकडेच मुक्काम ठोकतो.

असा करार जमतो तो बहुधा एक बाजू अडचणीत आल्यावर. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ने जगभरात सुमारे ७१ कोटी डॉलर मिळवले, तोवरच्या पाच स्पायडरमॅन चित्रपटांत सर्वांत कमी. त्याच वर्षाअखेर सोनीच्या संगणकांवर हल्ला होऊन अंतर्गत पत्रव्यवहार चव्हाट्यावर आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये करार जाहीर झाला. स्पायडरमॅन मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये (२०१६) दिसेल, त्याचे स्वतंत्र चित्रपट मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केविन फायगी घडवतील, पण पैसा, वितरण, मालकी आणि अंतिम शब्द सोनीचा. खेळणी व इतर मालाचे हक्क मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने २०११ मध्येच घेऊन ठेवले होते, म्हणून तिकिटांवर पाणी सोडूनही डिस्नेचे फारसे बिघडत नव्हते.

हेच जोडपे ऑगस्ट २०१९ मध्ये भांडले. ‘फार फ्रॉम होम’ या स्पायडरमॅनपटाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा नुकताच ओलांडला होता, आणि बातम्यांनुसार डिस्नेने पुढच्या चित्रपटांत जवळपास निम्मी भागीदारी मागितली. सोनीने नकार दिला. सुमारे महिन्याभरात समेट झाला तो, पुन्हा बातम्यांनुसार, डिस्नेने सुमारे २५ टक्के खर्च उचलून तेवढाच नफा घेण्यावर. नायक टॉम हॉलंडने डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांच्याशी स्वतः संपर्क साधून गळ घातली होती, हे दोघांनीही नंतर सांगितले. पुढच्या ‘नो वे होम’ने (२०२१) सुमारे १९० कोटी डॉलर कमावले. दोघांनाही भांडण किती महागात पडले असते याचा अंदाज त्यावरून येतो.

कधी अडथळा अगदी क्षुल्लक असतो. सोनीच्या २००२च्या स्पायडरमॅनमध्ये फॉक्सच्या एक्स-मेनमधला वुल्व्हरिन म्हणून डोकावण्याची ह्यू जॅकमन यांची तयारी होती, पण त्यांच्याच सांगण्यानुसार पोशाख वेळेवर सापडला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे स्पर्धकालाच विकत घेणे. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय सुमारे ७,१३० कोटी डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतला आणि ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ (२०२४) शक्य झाला. ही खरे तर दोन स्टुडिओंची भेट नव्हेच. मार्व्हल आणि डीसी यांची पात्रे तर एकाही चित्रपटात समोरासमोर आलेली नाहीत. डिस्ने आणि वॉर्नर यांनी हात मिळवल्याचा मोठा दाखला सुपरहिरोंचा नाही, तो ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’चा (१९८८) आहे, आणि त्यातही मिकी माऊस व बग्ज बनी यांना पडद्यावर सारखाच वेळ मिळावा ही वॉर्नरची अट होती.

मुंबईच्या चित्रसृष्टीत असे प्रसंग सुटतात ते बरेचसे माणसामाणसांतल्या संबंधांवर. शाहरुख खानच्या ‘रा.वन’मध्ये (२०११) रजनीकांत चिट्टी या यंत्रमानवाच्या रूपात येऊन गेले, आणि चिट्टी तर सन पिक्चर्सच्या ‘एंदिरन’मधला. मुंबईचा छाप असलेला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन मात्र हॉलिवूडच्याच कराराच्या आत आहे. सोनीच्या २०२३च्या अ‍ॅनिमेशनपटात तो झळकला आणि तो चित्रपट मराठीतही आला. पण मार्व्हल स्टुडिओजला हा पवित्र आपल्या चित्रपटात हवा असेल, तर बोलणी सोनीशीच करावी लागतील.