आवाज तोच, उंची मात्र कमी

‘अमुक बोली तुम्हाला गावंढळ वाटते का?’ असं शिकल्यासवरल्या माणसाला विचारून पाहा. ‘छे, सगळ्या बोली सारख्याच!’ असंच उत्तर येईल. आणि थोड्याच वेळात कुणी ‘पानी’ म्हणालं की हाच गृहस्थ गालातल्या गालात हसेल. तो खोटं बोलतो असं नाही, पण मोजणाऱ्याची पंचाईत होतेच. अशा वेळी प्रश्न लपवून विचारावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये नेमकं हेच केलं. त्यांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. शहरात संख्येने फ्रेंचभाषक जास्त, पण पैसा आणि मोठ्या खुर्च्या इंग्रजीभाषकांकडे. लॅम्बर्ट यांनी दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटलं, हे सगळे वेगवेगळे लोक. काम एवढंच: नुसत्या आवाजावरून माणूस ओळखा. हुशारी, विश्वासूपणा, दयाळूपणा, धार्मिकता, अगदी उंचीसुद्धा! अशा १४ गुणांवर आकडे मांडायचे होते.

एकट्यादुकट्याच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. कुणी सढळ हाताने गुण देतो, कुणी हात आखडून. खरी गंमत वजाबाकीत आहे. एकाच वाचणाऱ्याच्या इंग्रजी आवाजाला मिळालेल्या गुणांतून त्याच्याच फ्रेंच आवाजाचे गुण वजा केले की गळा, वय, स्वभाव सगळं कटतं. उरतं ते भाषेचं वजन. शंभरावर श्रोत्यांमध्ये हा फरक एकाच बाजूला झुकत असेल, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती, ते संख्याशास्त्र सांगतं.

इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांनी इंग्रजी आवाजांना झुकतं माप दिलं, यात नवल नाही. पण फ्रेंचभाषकांनीही १४ पैकी १० गुणांत इंग्रजी आवाजच सरस ठरवले! स्वतःच्या भाषेच्या वाट्याला त्यांनी धार्मिकता आणि दयाळूपणा तेवढा ठेवला. माणूस तोच, पण फ्रेंच बोलू लागला की त्याची उंचीसुद्धा कमी भरली. सत्ता कुठे आहे हे कानाला किती मुकाट्याने कळतं!

या पद्धतीत खोट आहेच. छापील उतारा वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, आणि नाक्यावर असं कुणी बोलत नाही. तरी तिने पुढच्या संशोधकांना वाट दाखवली. १९९९ मध्ये नॅन्सी निडझिएल्स्की यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रहिवाशांना त्यांच्याच शहरातला एक आवाज ऐकवला. काहींच्या उत्तरपत्रिकेवर वर ‘कॅनडा’ लिहिलं होतं, काहींच्या ‘मिशिगन’, म्हणजे डेट्रॉइटचंच राज्य. ‘हाऊस’सारख्या शब्दातला स्वर कोणत्या नमुन्याशी जुळतो, एवढंच सांगायचं होतं. ‘कॅनडा’वाल्यांना त्यात कॅनडाचा म्हणून ओळखला जाणारा उच्चार जास्त वेळा ऐकू आला. ‘मिशिगन’वाल्यांना तो फारसा ऐकूच आला नाही, आणि तो होता त्यांच्याच गावच्या बोलण्यातला.