पुढची रो आधी बघायची भानगड नेमकी किती जुनी आहे

डेटाबेसच्या टेबलातल्या रो, म्हणजे ओळी, लूपमध्ये एकेक करून वाचत जायच्या आणि ग्राहक बदलला की त्याची बेरीज छापायची, काम एवढंच, पण ग्राहक बदललाय हे कळतं पुढची रो हातात आल्यावर आणि तोवर आधीची गेलेली असते. ही अडचण डेटाबेसच्याही आधीची आहे बरं का. टेपवरची फाइल क्रमानेच वाचावी लागायची, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतले लोक गट बदलण्याच्या या जागेला कंट्रोल ब्रेक म्हणायचे. ब्रिटनचे सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकेल जॅक्सन यांनी १९७५ च्या पुस्तकात यावर सरळ नियमच दिला, की फाइल उघडल्या उघडल्या पहिला रेकॉर्ड वाचायचा आणि हातातल्याचं काम झालं की लगेच पुढचा वाचून ठेवायचा, म्हणजे पुढे काय आहे हे लूपला कायम माहीत असतं. मला तर आजही याहून साफ उपाय दिसत नाही.

संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं त्यात रोंना क्रमच नाही, सगळा संच एकदम. पण कोबोलसारख्या भाषा एकावेळी एकच रेकॉर्ड हाताळणार, म्हणून मध्ये कर्सर आला, म्हणजे संचातली एकेक रो हातात देणारी खूण. डेटाबेसची क्वेरी भाषा एसक्यूएल, तिच्या १९८६ च्या स्टँडर्डमध्ये फेच, म्हणजे रो आणायची आज्ञा, फक्त पुढेच जायचं, मागेपुढे फिरणारे स्क्रोल कर्सर आले एसक्यूएल-९२ मध्ये.

जावाचंही तेच झालं. जेडीबीसी ही जावाची डेटाबेसशी बोलायची सोय, तिच्या पहिल्या व्हर्जनला नुसतं नेक्स्ट (पुढची रो) होतं, प्रीव्हियस (मागची रो) आणि इजलास्ट (ही शेवटची रो का) २.० मध्ये आले, आणि इजलास्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हे महागात पडू शकतं, कारण ही शेवटची रो आहे का हे सांगायला ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडला, कदाचित एक रो पुढची आणावी लागेल. म्हणजे तोही आपल्यासारखंच करतो! मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला रो वाचणारा डेटारीडर तर मुद्दामच फक्त पुढे जाणारा ठेवलाय, मागच्या रो सांभाळायच्या नाहीत म्हणून मेमरी कमी लागते.

मग एसक्यूएलमध्ये लीड (पुढच्या रोमधलं मूल्य देणारं फंक्शन) आणि लॅग (मागच्या रोमधलं देणारं) आले आणि हे काम क्वेरीतच व्हायला लागलं. ओरॅकल डेटाबेसच्या ८आय व्हर्जनमध्ये ते होते, पोस्टग्रेसमध्ये २००९ ला, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ ला, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये थेट २०१८ ला. शेवटच्या रोवर लीड नल (म्हणजे मूल्यच नाही) देतो त्यामुळे शेवट कुठे तेही समजतं, फक्त ज्या कॉलममध्ये मुळातच नल असू शकतात त्यावर हे तपासू नका, प्रायमरी कीवर, म्हणजे प्रत्येक रोची ओळख असलेल्या कॉलमवर, लीड लावा.