उसाच्या फडातले इंजिन आणि अकाली झिजणारी रिंग

गळीत हंगाम उरकला की कोल्हापूरच्या वर्कशॉपांत ट्रॅक्टरची आणि पंपांची इंजिने खोलायला येतात. तक्रार ठरलेली: ऑइल खाते, ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येतो, सकाळी लवकर चालू होत नाही. पिस्टनवर बसणारी आणि वायू-तेल अडवणारी रिंग गेली, हे कुणीही सांगेल. कशाने गेली ते न बघता नवा सेट चढवला, तर वर्षभरात इंजिन परत टेबलावर.

वाफेच्या जमान्यात पिस्टनभोवती दोरीचे पॅकिंग भरत. १८५२ मध्ये जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे इंजिनिअरने एका जागी कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकणारी धातूची रिंग आणली. आजची रिंगही तशीच, फक्त वायूचा दाब तिच्या मागे शिरून तिला लायनरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यावर) आणखी रेटतो. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो तिथे हा दाब सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. लायनरच्या वरच्या भागात नखाला लागणारी कड पडते ती याच कारणाने.

१९३० च्या दशकात डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा कार्बनने ग्रूव्हमध्येच, म्हणजे पिस्टनवरच्या त्यांच्या खाचेतच, चिकटू लागल्या आणि त्यातून घाण धरून ठेवणारे, डिटर्जंट मिसळलेले ऑइल आले. पुढे बिडाच्या रिंगवर क्रोम चढले, मग मॉलिब्डेनम. क्रोमची रिंग क्रोमच्या लायनरमध्ये मात्र कधीच घालायची नाही, दोन्ही एकमेकांना ओरबाडतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराने शेतीच्या ऑइल इंजिनांवर नाव कमावले. विहिरीवरच्या त्या इंजिनाला पंपाचेच थंड पाणी सरळ जॅकेटमधून, म्हणजे लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून, फिरवायची पद्धत. इंजिन तापत नाही म्हणून मालक खूश! पण थंड लायनरवर ओल धरते, डिझेलमधल्या गंधकाचे ॲसिड होते आणि रिंग-लायनर दोन्ही खाल्ले जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, आहे. ॲसिडचा धोका त्यामुळे खूप कमी झाला, पण थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळून लायनरवरचे ऑइल धुऊन नेते, ते चालूच आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात खुशाल धरवत असेल तर व्हॉल्व्ह थोडा आवळून पाणी कमी करावे.

आता मुख्य शत्रू धूळ. फडातून ट्रॉली ओढताना उडणाऱ्या मातीत सिलिका असते आणि तिचे बारीक कण तेलाच्या थरापेक्षा जाड असतात. फिल्टर नवा असूनही इंजिन जाते, कारण गळती फिल्टर आणि इंजिन यांच्या मध्ये असते: चिरलेला रबरी होज, ढिली क्लिप. होज काढून आतून बोट फिरवा. माती लागली तर दुसरे कारण शोधायची गरज नाही. ऑइल-बाथ फिल्टरमध्ये, म्हणजे हवेतली धूळ तेलाच्या वाटीत धरणाऱ्या फिल्टरमध्ये, तेल खुणेपर्यंतच हवे. कमी असले तर धूळ निसटते, जास्त असले तर तेल इंजिनात ओढले जाते. हंगामात वाटी रोज उघडून बघावी.

झीज कुठे आहे यावरून कारण कळते. वरची रिंग जास्त गेली असेल तर धूळ हवेतून आली. ऑइल रिंग (लायनरवरचे जादा ऑइल खरवडणारी खालची रिंग) जास्त गेली असेल तर घाण ऑइलमध्येच होती. एकाच बाजूला लायनर चकचकीत आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल, तर डिझेल फवारणारी नोझल ठिबकते आहे.

उरलेला दोष बांधणीचा. रिंग लायनरमध्ये घालून पिस्टनने सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजावी. १०० मिमी बोअरला (लायनरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.३० ते ०.४० मिमी, पण अंतिम आकडा कंपनीच्या पुस्तकातला. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोके भिडतात आणि लायनरवर उभे ओरखडे उठतात. होनिंगनंतर, म्हणजे लायनरवर दगडाने बारीक तिरप्या रेघा मारल्यावर, लायनर नुसत्या डिझेलने पुसणे ही आपल्याकडची सर्वांत महाग काटकसर, कारण दगडाची भुकटी रेघांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्यावा, मग पांढरे फडके फिरवावे. फडके राखाडी निघाले, की पुन्हा धुवायचे. पांढरे निघाले, की लगेच ऑइलचा हात.