सिलिंडर-दाबावरून एंजिनाचे नियंत्रण

सिलिंडर-दाबावरून एंजिनाचे नियंत्रण : चालू एंजिनात ज्वलनाचा दाब मोजून त्यावरून पुढच्या आवर्तनातले इंधन किती आणि केव्हा द्यायचे, हे ठरवण्याची पद्धत. एरवी ईसीयू (एंजिन चालवणारा संगणक) वेग, हवा, तापमान पाहून साठवलेल्या तक्त्यातून आकडे उचलतो. दिलेले इंधन कसे जळाले ते त्याला कळत नाही. इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) झिजला किंवा डिझेल बदलले की तक्ता चुकू लागतो.

दाबाचा आलेख काढणे जुनेच. १७९६ च्या सुमारास जेम्स वॅट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी वाफेच्या एंजिनाला पेन्सिल जोडून तो उतरवला. आजच्या एंजिनाच्या वेगापुढे पेन्सिल टिकत नाही : मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्टचा (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचा) एक अंश सुमारे ५६ मायक्रोसेकंदांत सरतो. तिथे क्वार्ट्झसारखा दाबविद्युत्, म्हणजे दाबल्यावर विद्युतभार देणारा, स्फटिक लागतो; हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला.

खरी कसरत मोजण्यातच आहे. स्फटिकावरचा विद्युतभार हळूहळू गळतो, त्यामुळे त्याला दाबातला बदल कळतो, दाब नव्हे. म्हणून दर आवर्तनात, पिस्टन तळाशी असताना, त्याचे वाचन इनटेक मॅनिफोल्डमधल्या (हवा आत आणणाऱ्या नळीतल्या) दाबाशी जुळवून घ्यावे लागते. ज्योतीने सेन्सरचा पडदा तापून फुगला तरी वाचन घसरते. पिस्टनच्या टीडीसीची (सर्वांत वरच्या टोकाची) जागा एका अंशाने चुकली, तर दाबावरून हिशेबाने काढलेले काम कित्येक टक्क्यांनी चुकते.

दाब आणि घनफळ यांवरून उष्णता कशी सुटत गेली ते काढता येते. त्यातला सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे निम्मे इंधन जळून होते तेव्हाचा क्रँकशाफ्टचा कोन. तो टीडीसीनंतर साधारण ८ ते १० अंशांवर असला की बहुतेक एंजिने उत्तम काम देतात. कोन पुढेमागे सरकला की पुढचा फवारा किंवा ठिणगी तेवढी हलवायची. नियंत्रणाचा गाभा एवढाच.

मोटारींत अडचण जागेची आणि किमतीची. २००८ मध्ये अमेरिकेत आलेल्या फोक्सवॅगन जेट्टा टीडीआयमध्ये सेन्सर ग्लो प्लगमध्येच (थंड डिझेल एंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या कांडीत) बसवला होता : तापणारी कांडी किंचित सरकते आणि दाब मागच्या, थंड बाजूच्या सेन्सरपर्यंत पोचवते. माझ्या मते ही रचना फार सुंदर आहे, कारण सिलिंडर हेडला नवे भोक पाडावे लागत नाही. अमेरिकी डिझेलचा सीटेन अंक (ते किती चटकन पेटते त्याचे माप) किमान ४०, युरोपात ५१. अशा फरकाने ज्वलन उशिरा सुरू झाले तर सेन्सरला ते लगेच दिसते.

जहाजांच्या मंदगती एंजिनांत वेळ भरपूर मिळतो. तिथे प्रत्येक सिलिंडरचा कमाल दाब वेगळा पाहून सर्व सिलिंडरांवरचा भार सारखा केला जातो.